छातीतील पाण्याचा ताळेबंद

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहूर हे जुन्या बाजारपेठेचे गाव आहे. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. पाचोरा–जामनेर ही लहान रुळांची गाडी कित्येक वर्षे याच गावाच्या स्थानकावर थांबत असे. कापूस, किराणा आणि कापड यांचा व्यवहार करणाऱ्या येथील कुटुंबांत आजारपणाकडे पाहण्याची एक ठरलेली पद्धत दिसते. हंगाम सुरू असताना दुकानाची गादी सोडणे जिवावर येते. ताप आला की मेडिकलमधून गोळी आणली जाते, खोकल्याला काढा घेतला जातो, आणि घरातल्या बाबूजींचे वय सत्तरीच्या पुढे असले तर ‘हवा बदलली आहे’ एवढे निदान सर्वांना पुरते. आठ-दहा दिवसांनी एका बाजूची बरगडी दुखू लागते, जिना चढताना दम लागतो, तेव्हा कोठे क्ष-किरण चित्र काढले जाते. डॉक्टर सांगतात, ‘छातीत पाणी झाले आहे.’

या वाक्यानंतर घरात साधारणपणे दोन प्रतिक्रिया उमटतात. पाणी म्हणजे क्षयरोगच, आणि तो बाहेर कळता कामा नये, ही पहिली. सुईने पाणी काढून टाकले की प्रश्न मिटला, ही दुसरी. दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत आणि दोन्हींची किंमत मोठी आहे. छातीतील पाणी हा स्वतंत्र रोग नाही. ते कोठून आले, कोणत्या प्रकारचे आहे आणि त्यात जंतूंनी ठाण मांडले आहे काय, हे ठरल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही. हे ठरवण्यासाठी रक्तातील आणि त्या पाण्यातील काही घटकांची मोजणी केली जाते. अशा मोजण्याजोग्या खुणांना वैद्यकात ‘बायोमार्कर’ म्हणतात.

फुप्फुसांभोवती दोन पातळ पदरांचे आवरण असते. श्वासाबरोबर फुप्फुस सहज सरकावे म्हणून त्या पदरांमध्ये दोन-चार चमचे द्रव असतो. रोज नवा झिरपतो आणि रोज शोषला जातो. आवक-जावक समान असेपर्यंत कोणाला पत्ताही नसतो. न्यूमोनिया झाला की सूज आलेल्या फुप्फुसातून द्रव अधिक पाझरतो आणि आवक वाढते. बहुतेक रुग्णांत हे पाणी प्रतिजैविक औषधांनी आपोआप ओसरते. काहींमध्ये मात्र जंतू त्या पाण्यात उतरतात. तेथे रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे औषध पुरेसे पोहोचत नाही. पाणी घट्ट होऊ लागते, त्यात जाळी धरते, कप्पे पडतात, पू होतो, आणि अखेरीस फुप्फुसावर जाड साल चढून ते पुन्हा फुगेनासे होते. पहिल्या टप्प्यात नुसती औषधे पुरतात, दुसऱ्यात नळी टाकावी लागते, तिसऱ्यात शस्त्रक्रिया. हे टप्पे काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत ओलांडले जातात. पहूरच्या दुकानात ‘दिवाळीची उधारी वसूल झाली की दाखवू’ असे म्हणून गेलेले दहा दिवस बहुधा याच हिशेबात खर्ची पडतात.

पाणी आहे की नाही हे कळण्याची रीत जुनी आहे, आणि ती एका खानावळवाल्याच्या मुलाने शोधली. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातील ग्रात्स गावचा. पिंपात माल किती उरला हे पिंपावर टिचक्या मारून ओळखण्याची पद्धत त्याच्या वडिलांच्या धंद्यात होती. व्हिएन्नात वैद्य झाल्यावर त्याने तीच युक्ती माणसाच्या छातीवर वापरली आणि १७६१ साली त्यावर छोटे पुस्तक लिहिले. तेलाचा डबा वाजवून आतली पातळी सांगणाऱ्या दुकानदाराला यात नवल वाटणार नाही. त्या काळच्या वैद्यांनी मात्र त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ही रीत आजही टिकून आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या रुग्णालयात डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी २७८ रुग्णांवर या जुन्या तपासणीची कसोटी घेतली. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. छातीवर टिचकी मारल्यावर येणारा बद्द आवाज हा पाण्याचा चांगला सूचक ठरतो, असे त्यात आढळले. महागड्या यंत्राआधी डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली तर त्यांना जुनाट समजू नये.

टिचकीने पाणी आहे एवढे कळते. ते कसले आहे हे कळत नाही. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात न्यूमोनियाने गेले, तेव्हा संसर्ग वाढतो आहे की ओसरतो आहे हे आकड्यांत दाखवणाऱ्या सीआरपी किंवा प्रोकॅल्सिटोनिन यांसारख्या आजच्या रक्तचाचण्या जगात उपलब्ध नव्हत्या. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या काळात, अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत छातीत पू झालेल्या जवानांच्या बरगड्यांमधून घाईने मोठे छेद घेतले जात होते आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या घरात गेले होते. इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांच्यासह नेमलेल्या मंडळाने छातीत हवा शिरू न देता बंद नळीने पू काढण्याचा आग्रह धरला, आणि मृत्यू झपाट्याने घटले. नळी केव्हा टाकावी आणि कशी टाकावी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. नळी अकारण टाकली तर वेदना व धोका. टाळली तर पू आत मुरतो.

या प्रश्नाला पहिले सुटसुटीत उत्तर १९७२ मध्ये रिचर्ड लाइट या अमेरिकन डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. दीडशे रुग्णांच्या छातीतील पाण्याचा अभ्यास करून त्यांनी तीन निकष मांडले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ते ताळेबंदातील गुणोत्तरांसारखे वाटतील. पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक. पाण्यातील एलडीएच हे द्रव्य रक्तातील एलडीएचच्या ०.६ पटीहून अधिक; किंवा पाण्यातील एलडीएच रक्तासाठी ठरलेल्या कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक. यांपैकी एक जरी लागू झाले तरी पाणी दाहाचे, म्हणजे न्यूमोनिया, क्षय, कर्करोग अशा कारणांचे समजावे. एकही लागू न झाल्यास दोष बहुधा हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाकडे असतो आणि उपचार त्या अवयवाचा करावा लागतो.

यातील मर्म असे की हे आकडे एकट्याने बोलत नाहीत. पासबुक आणि कीर्द समोरासमोर ठेवल्याशिवाय जुळवणी होत नाही, तसे पाणी आणि रक्त दोन्ही एकाच दिवशी तपासल्याशिवाय हे गुणोत्तर निघत नाही. ‘रक्त तर गेल्याच आठवड्यात तपासले होते, पुन्हा कशाला?’ असा आक्षेप घराघरांत घेतला जातो. मागच्या आठवड्याची शिल्लक घेऊन आजचा मेळ कोणी बसवत नाही.

पाणी दाहाचे ठरले की पुढचा आणि खरा प्रश्न येतो: त्यात जंतूंचा संसर्ग झाला आहे काय? येथे साखर, आम्लता आणि एलडीएच हे तीन आकडे कामाला येतात. निरोगी स्थितीत या द्रवातील साखर रक्ताइतकीच असते आणि त्याचा पीएच ७.६च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कधर्मी असतो. जंतू आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी ही साखर खाऊन टाकतात. त्यातून आम्ल व कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि बंदिस्त जागेत साचतात. मेलेल्या पेशी फुटून एलडीएच बाहेर सांडते. म्हणून साखर उतरते, पीएच उतरतो आणि एलडीएच चढते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३च्या मार्गदर्शनानुसार पीएच ७.२ किंवा त्याखाली असल्यास नळी टाकावी, पीएच ७.२ ते ७.४ दरम्यान आणि एलडीएच ९००च्या वर असल्यास नळीचा विचार करावा. पीएच मोजण्याची सोय नसेल तर साखर दर डेसीलिटरला ६० मिलिग्रॅमहून कमी असणे हा इशारा मानावा. पाणी काढताना सुईत पूच आला तर कोणताही आकडा पाहण्याची गरज उरत नाही, नळी लागतेच.

पीएचच्या मोजणीत एक व्यावहारिक खोच आहे आणि पहूरसारख्या गावाला ती विशेष लागू पडते. ही मोजणी रक्तवायू तपासण्याच्या यंत्रावर करावी लागते, आणि नमुना हवाबंद सिरिंजमधून लगेच जावा लागतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला किंवा नमुना उशिरा पोहोचला की कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन पीएच खोटा चढतो; बधिर करण्याचे औषध मिसळले तर खोटा उतरतो. पहूरहून जळगाव सुमारे चाळीस किलोमीटर. तेवढा प्रवास करून गेलेल्या नमुन्याच्या पीएचवर नळीचा निर्णय सोपवणे धोक्याचे. साखरेचे तसे नाही. फ्लोराइड असलेल्या नळीत घेतलेला नमुना साखरेपुरता टिकतो. त्यामुळे गावात पाणी काढून बाटली मोटारसायकलवरून पाठवण्यापेक्षा रुग्णालाच जळगावला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा अन्य सुसज्ज रुग्णालयात नेऊन तेथे सोनोग्राफीच्या मदतीने पाणी काढणे शहाणपणाचे. मधुमेही रुग्णाची रक्तातील साखर तीनशे असेल तर पाण्यातील साखरेचा नेहमीचा निकष फसवा ठरू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या समाजात मधुमेह नसलेले घर शोधावे लागते.

आता रक्ताकडे वळू. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक विलक्षण प्रथिन आढळले. न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी त्याचा संयोग होई, म्हणून त्याला सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन, थोडक्यात सीआरपी, हे नाव पडले. आज प्रत्येक प्रयोगशाळेच्या दरपत्रकात असलेली ही चाचणी मुळात न्यूमोनियाच्या खाटेवर जन्मली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हे प्रथिन यकृतात तयार होते, संसर्ग झाल्यावर काही तासांत वाढू लागते आणि सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते. संसर्ग आटोक्यात आला की दर एकोणीस तासांनी साधारण निम्मे होत उतरते. म्हणून एकदाच्या आकड्यापेक्षा त्याची उतरण अधिक बोलकी. तीन-चार दिवस योग्य औषध देऊनही सीआरपी निम्म्यावर आले नाही तर औषध चुकते आहे किंवा कोठेतरी पू दडला आहे, अशी शंका घ्यावी लागते. न्यूमोनियानंतर दडलेला पू शोधायची पहिली जागा छातीतील पाणीच.

सीआरपीचा अहवाल वाचताना एकक आवर्जून पाहावे. काही प्रयोगशाळा तो दर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही दर डेसीलिटरमागे. पहिल्या पद्धतीतील १२० म्हणजेच दुसऱ्या पद्धतीतील १२. जामनेरचा १२चा अहवाल आणि जळगावचा ६०चा अहवाल शेजारी ठेवून ‘आजार पाचपट वाढला’ म्हणून घर हवालदिल होते. प्रत्यक्षात तो निम्म्यावर आलेला असतो. रुपये आणि पैसे यांच्या स्तंभांची गल्लत करणाऱ्या कारकुनाला पेढीवर कोणी ठेवत नाही.

प्रोकॅल्सिटोनिन ही रक्तातील दुसरी खूण. गंभीर जंतुसंसर्गात ती फार वाढते, हे १९९३ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. विषाणूच्या तापात आणि सहसा क्षयरोगात ती तेवढी वाढत नाही, हा तिचा उपयोग. चाचणी महाग आहे, आणि ती सामान्य आली म्हणून एका कप्प्यात बंदिस्त झालेला पू नाकारता येत नाही. ही चाचणी छातीतील पाण्यात करून रक्ताहून फारसे अधिक काही हाती लागत नाही, असेच बहुतेक अभ्यासांचे सांगणे आहे.

क्षयरोगाचा प्रश्न आपल्या देशात टाळता येत नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. छातीतील पाण्यात क्षयाचे जंतू फार थोडे असतात, म्हणून ते सहसा सापडत नाहीत. थुंकीसाठी उत्तम ठरलेली जीन एक्सपर्ट चाचणीही या पाण्यात अनेकदा निगेटिव्ह येते. १९७८ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावरील संशोधकांनी एडीए हे विकर क्षयाच्या पाण्यात वाढलेले असते असे दाखवले, आणि तेव्हापासून चाळीसच्या वरचा एडीए हा क्षयाचा दाखला मानला जाऊ लागला. आपल्याकडे या आकड्याचे प्रस्थ फार आहे. पण पू झालेल्या पाण्यातही एडीए चाळीसच्या कितीतरी वर जातो. फरक पेशींत असतो: क्षयात बहुधा लिम्फोसाइट पेशींचे प्राबल्य, जंतूंच्या तीव्र संसर्गात न्यूट्रोफिल पेशींचे. पेशींची मोजणी न पाहता केवळ एडीएच्या जोरावर सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू केली गेली तर त्या काळात आतला पू आपले काम करीत राहतो. उलट खऱ्या क्षयरुग्णाला लोकलज्जेपायी नुसत्या प्रतिजैविकांवर ठेवणे हाही तितकाच अन्याय. क्षयाची औषधे शासनाकडून मोफत मिळतात. नोंदणी झालेल्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाली आहे. सधन घरांना ती रक्कम नको असेल, नोंदणी मात्र हवी. तिच्यामुळेच घरातील इतरांची तपासणी होते.

संसर्ग कोणाला किती भोवेल याचा अंदाज देणारा ‘रॅपिड’ नावाचा गुणांक २०१४ मध्ये मांडला गेला. रक्तातील युरिया, वय, पाण्यात पू आहे की नाही, संसर्ग घरी झाला की रुग्णालयात, आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन, अशा पाच बाबींना गुण दिले जातात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत कमी गुणांच्या रुग्णांपैकी तीन महिन्यांत शेकडा दोन-तीन दगावले, मधल्या गटात सुमारे नऊ, आणि वरच्या गटात तीसच्या जवळपास. गंमत अशी की पू असणाऱ्याला येथे शून्य गुण आणि पू नसणाऱ्याला एक गुण, म्हणजे दृश्य पू हे तुलनेने सुचिन्ह! ढळढळीत पू दिसला की डॉक्टर थांबत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

यातील अल्ब्युमिनचा मुद्दा आपल्या घरांशी थेट निगडित आहे. दीर्घ आजारात अल्ब्युमिन घटतेच. त्यात वयोवृद्ध व्यक्ती नुकत्याच मोठ्या तपश्चर्येतून उठलेली असेल किंवा तापातही केवळ मुगाच्या पाण्यावर असेल तर भर पडते. किती उपवास झाले हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे; त्यात संकोचाचे कारण नाही. चौविहार पाळणारे आजी-आजोबा रात्रीचा डोस मुकाट्याने गाळतात हीदेखील नित्याची गोष्ट आहे. आठ तासांनी घ्यायचे औषध दिवसाउजेडी दोनदाच घेतले गेले तर सीआरपी का उतरत नाही याचा शोध डॉक्टर भलतीकडे घेत बसतात. नियम पाळायचा असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगावा. शिरेतून द्यायचे किंवा दिवसातून एकदाच घ्यायचे औषध निवडणे डॉक्टरांना अनेकदा शक्य असते.

पाण्याचा आणखी एक नमुना पुष्कळदा वाया जातो. जंतू वाढवून पाहण्यासाठी पाणी नेहमीच्या साध्या बाटलीत पाठवले तर निम्म्याहून अधिक वेळा काहीच उगवत नाही. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की तेच पाणी रक्ताच्या कल्चर बाटलीतही खाटेजवळच भरले तर यशाचे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर जाते. खर्च एका बाटलीचा. आणि हा नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वीचा हवा. मेडिकलमधून आणलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या येथेही आडव्या येतात.

सीआरपी शोधणाऱ्या टिलेट यांची गोष्ट तेथेच संपली नव्हती. स्ट्रेप्टोकॉकस जंतूपासून गुठळी विरघळवणारे द्रव्यही त्यांनीच शोधले, आणि १९४९ मध्ये सोल शेरी यांच्यासह ते व पेशींतील डीएनए तोडणारे दुसरे द्रव्य छातीत सोडून पुवातील जाळी फोडण्याचा प्रयोग केला. २००५ साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत पहिले द्रव्य एकटे निरुपयोगी ठरले. २०११ मध्ये मात्र टीपीए आणि डीएनेज ही जोडी २१० रुग्णांच्या चाचणीत उपयोगी ठरली: पाणी अधिक निघाले, शस्त्रक्रियेची गरज घटली. दोन द्रव्यांची जोडीच लागते ही टिलेटांची अटकळ साठ वर्षांनी खरी ठरली. नळी किंवा शस्त्रक्रियेसारख्या उपायांची गरज पडेल काय याचा अंदाज देणारी ‘सुपार’ नावाची खूण ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०२० मध्ये पाण्यात मोजली आणि ती पीएचहून सरस दिसली. ती अजून आपल्याकडील नेहमीच्या दरपत्रकांवर आलेली नाही. तोवर जळगावला निघताना पिशवीत ठेवायच्या वस्तू साध्या आहेत: सुरुवातीपासूनचे सर्व क्ष-किरण चित्रपट, एककांसह सीआरपीचे अहवाल, चालू असलेल्या मधुमेहाच्या व रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची यादी, आणि मेडिकलमधून घेतलेल्या औषधांची रिकामी पाकिटे.